खवा भट्टी, चिंचोके आणि एंट्रॉपी : ऊष्मागतिकी शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात?



बारावी सायन्सनंतर भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी आपल्या धाराशिव जिल्ह्यातली मुलं ऊष्मागतिकीचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा पेपर बहुधा बऱ्यापैकी सोडवतात. कार्नो इंजिनाची आकृती, मॅक्सवेलची चार समीकरणं, क्लॅपेरॉन समीकरणाची सिद्धता हे सगळं पाठ होतं आणि गुणही मिळतात. खरी अडचण पुढे येते. एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स म्हणजे सांख्यिकीय यामिकी सुरू होते आणि मायक्रोस्टेट, एन्सेंबल, पार्टिशन फंक्शन असे शब्द अंगावर येतात. नेट-सेटच्या अभ्यासक्रमात तर ऊष्मागतिकी आणि सांख्यिकीय भौतिकी एकाच घटकात असतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही. मग मुलगी किंवा मुलगा स्वतःलाच दोष देतो : "आपण मराठी माध्यमाचे, गावाकडचे. हा विषय आपल्यासाठी नाही."

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली मुलं विषय सोडतात. अडचण इंग्रजीची थोडी असते, गणिताची त्याहून थोडी. मोठी अडचण ही की एकाच गोष्टीची दोन दर्शनं दोन वेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या पेपरांत शिकवली जातात आणि त्यांच्यामधला पूल कुणी दाखवत नाही. आज तो पूल बांधून बघू. साहित्य आपल्याच भागातलं : खव्याची भट्टी आणि मूठभर चिंचोके. गणित लागेल ते दहावीच्या 'उष्णता' या धड्यापुरतं, शिवाय थोडी बेरीज, गुणाकार आणि भागाकार.

१. रेणू न बघता केलेलं शास्त्र

भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खवा भट्टीवर काय चालतं? दुधातलं पाणी उडवायचं. समजा कढईत १० किलो दूध घेतलं आणि त्याचा २ किलो खवा झाला. म्हणजे ८ किलो पाणी वाफ होऊन गेलं. दुधाची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी असते, पण हिशेब सोपा राहावा म्हणून पाण्याचीच धरू.

दूध ३० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला : १०,००० ग्रॅम × १ × ७० = ७ लाख कॅलरी.
८ किलो पाण्याची वाफ करायला : ८,००० ग्रॅम × ५४० = ४३ लाख २० हजार कॅलरी.

तापवण्यापेक्षा उडवायला सहापट उष्णता लागली! दूध लवकर उकळतं, पण खवा व्हायला ढवळून ढवळून हात का दुखतात, याचं उत्तर या दोन ओळींत आहे. दहावीत शिकवलेला 'अप्रकट उष्मा' तो हाच.

एकूण उष्णता ५० लाख २० हजार कॅलरी, म्हणजे साधारण २१ मेगाज्यूल. एक किलो वाळलेलं जळण जाळलं की अंदाजे १५ मेगाज्यूल ऊर्जा मिळते असं धरलं, तर दीड किलोच्या आतच काम व्हायला हवं. प्रत्यक्षात जळण याच्या कितीतरी पट लागतं. बाकीची ऊर्जा धुरात, भट्टीच्या भिंतींत आणि उघड्या हवेत जाते. नष्ट काहीच झालेलं नाही, हा पहिला नियम. पण हवेत पांगलेली ती ऊर्जा गोळा करून पुन्हा कढईखाली आणता येत नाही, हा दुसरा नियम.

या सगळ्या हिशेबात दुधाचा किंवा पाण्याचा रेणू कसा असतो, हे आपण कुठेच विचारलं नाही. अभिजात ऊष्मागतिकीची ताकद ती हीच. कार्नोने १८२४ साली इंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा सांगितली, तेव्हा अणू-रेणू आहेत की नाहीत याबद्दलच शास्त्रज्ञांत एकमत नव्हतं. तरी त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे.

आणखी एक उदाहरण बघा. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी असतो. क्लॅपेरॉन समीकरणात हा फरक घातला की उत्तर मिळतं : आपल्याकडे पाणी १०० ला नाही, साधारण ९८ अंशांला उकळतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चांगला तापमापक असेल तर हे तपासून बघता येईल. साखर कारखान्यात पॅनमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही. तेही हेच समीकरण. जे मुलांनी 'सिद्धता, पाच गुण' म्हणून पाठ केलं, त्यावर कारखाना चालतो.

२. शिल्लक आणि व्यवहार

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरू. आपण सहज म्हणतो, "या भांड्यात खूप उष्णता आहे." ऊष्मागतिकीत असं म्हणता येत नाही. भांड्यात असते ती आंतरिक ऊर्जा. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे होणारी ऊर्जेची देवाणघेवाण.

बँकेचं पासबुक आठवा. खात्यात पैसे रोख भरता येतात किंवा चेकने. पण शिल्लक पाहून कुणी सांगू शकत नाही की यातले रोखीचे किती आणि चेकचे किती. शिल्लक म्हणजे आंतरिक ऊर्जा. रोख आणि चेक म्हणजे उष्णता आणि कार्य. खात्यात 'रोख' साठलेली नसते, तशी भांड्यात उष्णता साठलेली नसते.

मार्गाचंही तसंच. धाराशिवहून तुळजापूरला मुख्य रस्त्याने जा, नाहीतर खेड्यापाड्यांतून फिरत जा. किलोमीटर बदलतील, पण दोन गावांच्या उंचीतला फरक बदलणार नाही. किलोमीटर म्हणजे उष्णता आणि कार्य, ती मार्गावर ठरतात. उंची म्हणजे आंतरिक ऊर्जा, ती अवस्थेवर ठरते. एवढं पक्कं झालं की बी.एस्सी.चं निम्मं काम झालं.

३. 'अव्यवस्था' या शब्दाने केलेला घोटाळा

आता एंट्रॉपी. हा शब्द क्लॉसियसने १८६५ साली घडवला, 'रूपांतर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याची व्याख्या साधी होती : उलट फिरवता येईल अशा रीतीने दिलेली उष्णता भागिले तापमान. त्यात अव्यवस्था कुठेही नव्हती. पुढे सोपं करून सांगण्याच्या नादात 'एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, पसारा' असं सांगण्याची रीत पडली.

या व्याख्येवर मुलं फसतात. निरसं दूध न हलवता ठेवलं तर स्निग्धांश आपोआप वर येतो आणि खाली पातळ दूध राहतं. आधी सगळं मिसळलेलं होतं, आता दोन थर नीट वेगळे झाले. दिसायला तर व्यवस्था वाढली! मग दुसरा नियम मोडला का? नाही. जड भाग खाली जाताना सुटलेली ऊर्जा किंचित उष्णता होऊन सगळीकडे पसरली. त्या पसरण्याचे प्रकार मोजले की एकूण एंट्रॉपी वाढलेलीच निघते. डोळ्यांना दिसणारी शिस्त हे एंट्रॉपीचं माप नाही. प्रकार मोजावे लागतात. ते कसे मोजायचे ते चिंचोक्यांनी बघू.

४. चिंचोक्यांचा प्रयोग

सहा वाट्या घ्या आणि त्यांना १ ते ६ क्रमांक द्या. पहिल्या तीन वाट्या म्हणजे 'गरम वस्तू', उरलेल्या तीन 'थंड वस्तू'. एक चिंचोका म्हणजे ऊर्जेची एक पुडी. सुरुवातीला गरम बाजूच्या प्रत्येक वाटीत दोन चिंचोके ठेवा, थंड बाजू रिकामी. एकूण सहा चिंचोके.

आता लुडोचा फासा दोनदा टाका. पहिल्यांदा आलेल्या क्रमांकाच्या वाटीतून एक चिंचोका काढून दुसऱ्यांदा आलेल्या क्रमांकाच्या वाटीत टाका. पहिली वाटी रिकामी असेल किंवा दोन्ही वेळा एकच आकडा आला, तर काही करू नका. प्रत्येक खेपेला गरम बाजूला किती चिंचोके उरले ते वहीत लिहा. वर्गात गट पाडून प्रत्येक गटाने दोनशे खेपा कराव्यात.

फासा कुणाच्या बाजूने नाही. त्याला 'गरमाकडून थंडाकडे' असा नियम माहीतच नाही. तरीही चिंचोके थोड्याच वेळात दोन्हीकडे वाटले जातात. का? मोजून बघा.

तीन वाट्यांमध्ये चिंचोके ठेवण्याचे किती प्रकार होतात? शून्य चिंचोके असतील तर १ प्रकार, एक असेल तर ३, दोन असतील तर ६, मग १०, १५, २१, आणि सहा चिंचोके असतील तर २८. आता दोन्ही बाजूंचे प्रकार गुणा. गरम बाजूला सहा आणि थंड बाजूला शून्य : २८ × १ = २८. पाच-एक : २१ × ३ = ६३. चार-दोन : १५ × ६ = ९०. तीन-तीन : १० × १० = १००. पुढे पुन्हा ९०, ६३, २८. सगळे मिळून ४६२.

हे ४६२ प्रकार म्हणजेच मायक्रोस्टेट. आपल्या फाशाच्या नियमाने दीर्घकाळात हे सगळे सारख्याच वेळा येतात. म्हणून तीन-तीनची वाटणी सर्वांत जास्त वेळा दिसते. ऊर्जेला समान वाटून घेण्याची ओढ वगैरे काही नाही. जिथे प्रकार जास्त, तिथे ती जास्त वेळा सापडते, एवढंच.

मुलांना इथे एक प्रश्न नक्की विचारा : सगळे सहा चिंचोके परत गरम बाजूला जमा होऊ शकतात का? हो. ४६२ पैकी २८ प्रकार, म्हणजे साधारण सहा टक्के वेळा. म्हणजे उष्णता उलटी फिरली! आता वाट्या बारा करा (सहा-सहा) आणि चिंचोकेही बारा. एकूण प्रकार होतात १३,५२,०७८ आणि सगळे गरम बाजूला असण्याचे फक्त ६,१८८. अर्धा टक्कासुद्धा नाही. संख्या नुसती दुप्पट केली, तर शक्यता सहा टक्क्यांवरून इतकी खाली आली. कढईत तर चिंचोके बारा नाहीत, एकावर वीस-बावीस शून्यांच्याही पुढचे आहेत. दुसरा नियम 'कधीच मोडत नाही' याचं कारण दुसरं काही नाही, मोठ्या संख्यांची ही ताकद आहे.

५. मग तापमान म्हणजे काय?

पुन्हा १, ३, ६, १०, १५, २१, २८ ही रांग बघा. रिकाम्या बाजूला एक चिंचोका मिळाला तर तिचे प्रकार १ वरून ३, म्हणजे तिप्पट होतात. सहा चिंचोके असलेल्या बाजूचा एक गेला तर २८ वरून २१, म्हणजे पाऊणपट उरतात. एकाचं थोडं गेलं, दुसऱ्याला खूप मिळालं. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत त्याला शंभर मिळाले तर त्याचा बाजार होतो, आणि ज्याच्याकडे लाख आहेत त्याचे शंभर गेले तर त्याला कळतही नाही. तसंच हे.

एक पुडी मिळाल्यावर ज्याचे प्रकार जास्त पटीने वाढतात, ती वस्तू थंड. कमी पटीने वाढतात, ती गरम. सांख्यिकीय यामिकीतली तापमानाची व्याख्या ती हीच. पुस्तकात ती 'एंट्रॉपीचं ऊर्जेसापेक्ष विकलन म्हणजे एक भागिले तापमान' अशी एका ओळीत येते आणि मुलं ती न समजता पुढे जातात. तिथे दहा मिनिटं थांबा. हाच तो पूल.

६. परत भट्टीकडे

प्रकारांच्या संख्येचा एंट्रॉपीशी संबंध बोल्ट्झमनने १८७७ साली दाखवला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर ते सूत्र कोरलेलं आहे : एस बरोबर के लॉग डब्ल्यू. एस म्हणजे एंट्रॉपी, डब्ल्यू म्हणजे प्रकारांची संख्या, के म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक. प्रकारांचा गुणाकार होतो आणि एंट्रॉपीची बेरीज व्हायला हवी, म्हणून मध्ये लॉग. दहावी-अकरावीचं लॉगरिदम इथे उपयोगी पडतं.

समजा ८०० केल्विनच्या विस्तवातून १,००० ज्यूल उष्णता ३७३ केल्विनच्या दुधात गेली. क्लॉसियसच्या पद्धतीने, विस्तवाची एंट्रॉपी १,००० भागिले ८०० म्हणजे १.२५ ने कमी झाली. दुधाची १,००० भागिले ३७३ म्हणजे २.६८ ने वाढली. निव्वळ वाढ १.४३ ज्यूल प्रति केल्विन.

आता बोल्ट्झमनच्या पद्धतीने याच वाढीला के ने भागा. उत्तर येतं साधारण एकावर २३ शून्ये, आणि हा आहे फक्त प्रकारांच्या पटीचा लॉग! ती पट प्रत्यक्ष लिहायची तर तिच्यातले नुसते अंकच एकावर २२ शून्यांपेक्षा जास्त होतील. विश्वाच्या सुरुवातीपासून दर सेकंदाला एक अंक लिहीत बसलं असतं तरी ती संख्या आजही पूर्ण झाली नसती. ती उष्णता दुधातून आपोआप विस्तवात परत जाण्याची शक्यता इतकी नगण्य आहे. बी.एस्सी.च्या पेपरातला १.४३ आणि एम.एस्सी.च्या पेपरातली ही अवाढव्य पट, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

७. पार्टिशन फंक्शनची भीती

सहा वाट्यांच्या खेळात फक्त एका वाटीवर लक्ष ठेवा. ती रिकामी असण्याचे प्रकार ४६२ पैकी २१०, एक चिंचोका असण्याचे १२६, दोनचे ७०, तीनचे ३५, मग १५, ५ आणि १. सरासरी प्रत्येक वाटीला एक चिंचोका येतो, तरी वाटी सर्वांत जास्त वेळा रिकामीच दिसते! जास्त ऊर्जेची अवस्था पायरी-पायरीने दुर्मीळ होत जाते. वाट्या आणि चिंचोके प्रचंड वाढवले की हीच उतरण नेमकी घातांकी होते. तिला बोल्ट्झमन वितरण म्हणतात. त्या सगळ्या पायऱ्यांच्या वजनांची बेरीज म्हणजे पार्टिशन फंक्शन. नाव मोठं, काम बेरजेचं.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. मोजताना आपण 'हा चिंचोका वेगळा, तो वेगळा' असा भेद केला नाही. दोन वाट्या आणि दोन चिंचोके असतील तर भेद केल्यास चार प्रकार, न केल्यास तीन. हा फरक बारीक वाटतो, पण ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची मोजणी याच, भेद न करण्याच्या पद्धतीने केली, प्लँकचा नियम सिद्ध केला आणि निबंध आइनस्टाइनकडे पाठवला. बोस-आइनस्टाइन सांख्यिकी तिथून सुरू झाली.

८. 'आपल्यासाठी नाही' असं म्हणणाऱ्या मुलांना हे सांगा

बोस यांचे सहाध्यायी मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचे चिरंजीव. तापमान आणि दाबावरून ताऱ्यांच्या वातावरणातले किती अणू आयन होतात, हे त्यांनी १९२० साली ऊष्मागतिकी वापरून काढलं. साहा आणि श्रीवास्तव यांचं उष्णतेवरचं पाठ्यपुस्तक भारतातल्या विद्यार्थ्यांनी पुढे अनेक वर्षं वापरलं.

आणि आजचं, आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर दीपक धर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं, नंतर पुण्याच्या आयसर संस्थेत. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळालं. सांख्यिकीय भौतिकीतला हा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं एक गाजलेलं काम वाळूच्या ढिगाच्या प्रतिमानावर आहे : दाणा-दाणा टाकत गेलं की ढीग कधी थोडा घसरतो, कधी सगळाच. खळ्यावर ज्वारीची रास पाहिलेल्या मुलाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही.

९. आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी :
– सिद्धतेआधी संख्या द्या. एकदा भट्टीचा हिशेब केला की समीकरण परकं राहत नाही.
– समजावून सांगायला मराठी, लिहायला इंग्रजी. पण प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत एकत्र द्या, नाहीतर दहावीतला 'अप्रकट उष्मा' आणि बी.एस्सी.तला 'लेटंट हीट' मुलांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.
– बी.एस्सी.ला एंट्रॉपी शिकवतानाच एक तास चिंचोक्यांना द्या. अभ्यासक्रमात नसला तरी. पुढची दोन वर्षं सोपी होतात.

पालकांसाठी :
– तुम्हाला विषय यायलाच हवा असं नाही. "आज काय शिकलीस ते मला समजेल असं सांग" एवढंच म्हणा. सांगताना अडली, तर कुठे अडलं ते तिचं तिलाच कळतं.
– या विषयात एखाद्या सत्रात गुण घसरले म्हणून लगेच विषय बदलायला लावू नका. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांनाही हा विषय दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात कळतो.

स्वाध्याय

१. जवळच्या खवा भट्टीवर जाऊन दूध, खवा आणि जळण यांची वजनं विचारा. भट्टीची कार्यक्षमता काढा. ती वाढवायला काय करता येईल?
२. चार वाट्या (दोन-दोन) आणि चार चिंचोके घेऊन सगळे प्रकार कागदावर मांडा. एकूण ३५ आले पाहिजेत.
३. निरशा दुधाव्यतिरिक्त, दिसायला 'व्यवस्था' वाढते पण एकूण एंट्रॉपीही वाढते, असं एक उदाहरण शोधा.
४. माठातलं पाणी गार होतं, पण पावसाळ्यात तितकं नाही. पहिल्या भागातल्या अप्रकट उष्म्याच्या आधारे कारण लिहा.

दुसरा प्रश्न आठवीतलं पोरही करू शकतं. त्यालाही बसवा. एम.एस्सी.ला गेल्यावर 'मायक्रोस्टेट' हा शब्द त्याला नवा असेल, पण गोष्ट ओळखीची असेल.